आतल्या खोलीतली हाक

रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद.

टिल्लूचा खोकला गेला का? त्याच्या बाबांची पाठ आता कशी आहे? तू स्वतःकडे बघतेस की नेहमीसारखं सगळ्यांचं करून झाल्यावर उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकतेस?

मी बरी आहे. हाताची पट्टी निघाली. खांदा अजून वर होत नाही, पण डॉक्टर म्हणाले होईल, घाई करू नका. घाई करायला आता आहे काय म्हणा.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन मध्येच कापता येतो. पत्र फार तर फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी त्यावरून नजर फिरवतोच. तेवढीच आशा.

घराचं सांगते. नगरपालिकेचा इंजिनिअर येऊन गेला. कोवळा पोरगा होता, भिंतींवर हातोडीनं टकटक करत फिरला आणि दारावर पिवळा रंग मारून गेला. पिवळा म्हणजे अर्धं घर वापरा, अर्धं वापरू नका. पुढची मोठी खोली आणि स्वयंपाकघर ठीक आहे. आतली खोली फळ्या ठोकून बंद केलीय. तिची रस्त्याकडची भिंत तर गेलीच आहे, तिथं नुसतं निळं प्लास्टिक बांधलंय, आणि वारा सुटला की ते फडफडतं. पहिले काही दिवस मी दचकून उठायची. आता सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे काही चांगलं नाही.

पाळणाघर शाळेच्या हॉलमध्ये पुन्हा सुरू केलंय. मला इतक्यात नको होतं. पण मुलांच्या आया कामावर जायला लागल्या, आणि एक दिवस ढब्बूची आई त्याला घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "ताई, हा दुसऱ्या कुणाकडे थांबतच नाहीये." ढब्बू म्हणजे तो तीन वर्षांचा गोलमटोल, तुला माहीत आहे. तू आली होतीस तेव्हा तुझ्या पर्समधली लिपस्टिक खाल्ली होती त्यानं. त्यानं माझा पदर धरला तो सोडेचना. मग केलं सुरू.

सगळी मुलं सुखरूप आहेत, बारके. एकालाही खरचटलं नाही. लोक येऊन माझे हात हातात घेतात, रडतात, काय काय बोलतात. मी मान हलवते. दुसऱ्याच कुणाचं तरी कौतुक ऐकत असल्यासारखं वाटतं.

आता तू विचारलेल्या प्रश्नाकडे येते. तू फोनवर दोनच वाक्यं बोललीस. "ताई, तू म्हणालीस आई झोपेत गेली. मग भिंतीपलीकडच्या काकांना तिचा आवाज कसा ऐकू आला?" आणि फोन ठेवून दिलास.

ड्रायव्हरकाकांवर रागावू नकोस. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना वाटलं, लेकीला आईबद्दल जे जे माहीत आहे ते सांगावं. तीस वर्षं बस चालवली त्यांनी, गप्प बसणं हा त्यांचा स्वभावच नाही. त्यांनी ऐकलं ते खरं आहे. शब्द त्यांना कळले नाहीत, एवढंच. मला कळले.

लिहिते. पण जरा आधीपासून लिहू दे, एकदम तिथं पोचता येत नाही मला.

उन्हाळ्यात छोटे छोटे धक्के बसून गेले होते, त्यानंतर अग्निशमन दलातून एक बाई पाळणाघरात शिकवायला आल्या. उंच, खणखणीत आवाजाच्या. मुलं त्यांना बंबवाली मावशी म्हणतात. मला वाटलं होतं एक ठरावीक भाषण देतील आणि जातील. पण त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आधी मला सांगा, या घरात कोण कोण आहे? किती किती वयाचं? प्रत्येकाचं वेगळं असतं."

तीन-चार वर्षांच्यांना त्यांनी कासव शिकवलं. "कासव!" म्हटलं की टेबलाखाली शिरायचं, अंगाची मुटकुळी करायची आणि टेबलाचा पाय घट्ट धरायचा. टेबल सरकलं तर आपणही त्याच्याबरोबर सरकायचं. पोरांना इतकं आवडलं की नंतर महिनाभर जेवताना, गाणी म्हणताना, कुणीही मनात येईल तेव्हा "कासव!" ओरडायचं आणि सगळी टेबलाखाली. तान्ह्यांना काही शिकवता येत नाही, तिथं शिकायचं आपण. बाळ छातीशी घ्यायचं, आतल्या भिंतीशी गुडघ्यांवर बसायचं, ओणवं व्हायचं आणि आपल्या पाठीचं छप्पर करायचं. घेऊन पळत सुटायचं नाही. पळताना पडतात आणि बाळ खाली सापडतं, म्हणाल्या. मी कापडी बाहुली घेऊन तालीम केली, तेव्हा आई पलंगावरून बघून म्हणाली, "हिला मूल झालं आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

खूप हसलो आम्ही.

काकांनाही त्यांच्या खुर्चीसकट बोलावून घेतलं होतं. त्यांना सांगितलं, चाकांचे ब्रेक लावा, पुढं वाका, हातात येईल ते मानेवर धरा. काका म्हणाले, "बाई, जन्मभर ब्रेकच लावले, ते शिकवू नका." आणि त्यांनी तसंच केलं हं. त्या दिवशी ब्रेक लावले आणि उशी मानेवर धरून वाकून राहिले. छताचा पंखा खुर्चीच्या शेजारी पडला.

आणि आई. कमरेचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरच होती, तू बघून गेलीच आहेस. मावशींनी तिला सांगितलं, "आजी, तुम्ही उठायचंच नाही. तुमचा पलंग चांगल्या जागी आहे. पालथं व्हायचं, जमलं नाही तर कुशीवर, आणि उशी अशी डोक्यावर घ्यायची. धक्का थांबेपर्यंत." आई म्हणाली, "उशी डोक्याखाली घेतात. एवढं मला अजून आठवतंय."

पण शिकली. रोज दुपारी मुलांचं कासव झालं की मी आत जाऊन म्हणायची, "आई, उशी." ती कुरकुरत घ्यायची. उशीखालून विचारायची, "झाला का तुमचा भूकंप?" मला वाटायचं, हे तिच्या डोक्यात बसलं. काल काय खाल्लं ते आठवत नाही, पण हे बसलं.

दिवसभर ती मनानं कुठं कुठं असायची, ते तुला फोनवर मी सगळं सांगत नव्हते. मला कधी नर्स समजायची, कधी तिची मोठी बहीण. नर्स समजली की फार अदबीनं बोलायची. दुपारी मात्र ठरलेलं. विचारायची, "बारकी आली का शाळेतून?" सुरुवातीला मी सांगायची, आई, बारकी आता पंचेचाळीसची झाली, तिचं लग्न झालं, तिला मुलगा आहे. ती इतकी घाबरायची गं, की मी ते सोडून दिलं. "येईल आता," एवढंच म्हणायची. मग तिचं समाधान व्हायचं आणि ती डोळे मिटायची.

त्या दिवशीही म्हणाले. "येईल आता."

जेवणं झाली होती. मोठी मुलं सतरंजीवर आडवी, काही झोपलेली, काही एकमेकांना ढोसत. तान्ही दोघं माझ्यापाशी, एक मांडीवर, एक पाळण्यात. दूध उतू जाईल म्हणून गॅस बंद करून मी नुकतीच येऊन बसले होते. आधी आवाज आला. रस्त्यावरून अवजड ट्रक गेला की येतो तसा, पण खालून. मग खिडकीच्या काचा वाजल्या, आणि मला काही कळायच्या आत कुणीतरी पोर ओरडलं, "कासव!"

मी नाही ओरडले, बारके. त्या पोरांनीच. झोपलेली उठली आणि डोळे चोळत टेबलाखाली गेली. मी पाळण्यातली मुलगी उचलली, मांडीवरचा होताच, आणि टेबलाला लागून आतल्या भिंतीशी गुडघ्यांवर बसले. दोघांना छातीखाली घेतलं. जमीन अशी सरकत होती की जणू कुणी आपल्या पायाखालची सतरंजी ओढतंय. ढब्बू टेबलाखालून बाहेर यायला लागला, "ताई, ताई" करत. माझे हात अडकलेले. मी त्याच्या अंगावर पाय टाकला आणि त्याला दाबून धरलं. भांडी पडत होती, वरून प्लास्टरचे तुकडे खांद्यावर पडत होते, आणि आतून आई ओरडली.

इथं मी पेन खाली ठेवलं होतं. चहा केला, प्यायले नाही. पुन्हा लिहायला घेतलंय.

तिचा तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आजारी म्हातारीचा नव्हताच तो. आपण गच्चीवर खेळत असलो की खालून हाक मारायची ना, तो आवाज.

"बारके! टेबलाखाली जा! पाय आत घे, पाय! आले मी, आले गं!"

मी ओरडले, "आई, उठू नकोस! उशी घे! उशी!" तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. मग तिच्या खोलीतून मोठा आवाज झाला आणि दारातून धुळीचा लोट पुढच्या खोलीत आला. धुळीनंतर तिचा आवाज आला नाही.

जमीन थांबली. मी मुलांना बाहेर अंगणात काढलं, तान्ही समोरच्या शिवणवाल्या बाईंच्या हातात दिली, एकेका पोराला हात लावून पाहिलं, आणि मग आत गेले. हे मी मुद्दाम लिहितेय. आधी मुलं बाहेर काढली आणि मग आईकडे गेले. तू त्याबद्दल विचारशील, तर उत्तर हेच आहे. मला दुसरं करता आलं नसतं, आणि तरी रोज मी ते मनातल्या मनात दुसऱ्या तऱ्हेनं करून बघते.

बारके, मी तुला सांगितलं भिंत पलंगावर पडली. ते खोटं आहे. पलंगाला काही झालं नव्हतं. चादरीवर धूळ होती, बस. उशी जागच्या जागी होती. ती पलंगावर असती तर आज मला "नर्सबाई, जरा पाणी द्याल का?" म्हणाली असती.

ती पलंगावर नव्हती. कोपऱ्यात आपलं अभ्यासाचं टेबल होतं ना, ज्यावर आता तिची औषधं असायची, त्याच्याशी होती. जिला संडासापर्यंत न्यायला मला धरून धरून चालवावं लागायचं, वाटेत दोनदा बसवावं लागायचं, ती एकटी उतरून तिथवर गेली. रांगत गेली असणार. टेबलाला लागून ओणवी झाली होती, पाठीचं छप्पर करून. एक हात टेबलाखाली खांद्यापर्यंत गेलेला होता आणि तळवा जमिनीवर पसरलेला, खाली कुणीतरी बसलंय आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवलाय असा. रस्त्याकडची भिंत तिच्या पाठीवर आली होती. विटा मी हातानं काढल्या. खांदा तेव्हाच गेला, मुलांना वाचवताना नाही. लोकांना वाटतं मुलांना वाचवताना. मी कुणाला दुरुस्त केलेलं नाही.

ती तुला झाकायला गेली होती.

आपल्या लहानपणी मोठा धक्का बसला होता तो तुला आठवणार नाही, तू पाचचीही नव्हतीस. तेव्हाही तिनं असंच केलं होतं. हेच टेबल. तुला खाली ढकललं आणि वरून स्वतः आडवी झाली. तुझे पाय बाहेर राहत होते, ती ओरडत होती, पाय आत घे, पाय. मी नऊची. मी आपली आपण दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले होते. तेव्हा तसंच सांगायचे, चौकटीत उभं राहा म्हणून. सगळं शांत झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मोठी हुशार आहे माझी, तिला सांगावं लागत नाही." किती वर्षं मी ते वाक्य बक्षिसासारखं जपलं होतं.

तुला मी का सांगितलं नाही? सगळ्यांना वाटेल, आणि मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं, की तुझ्यासाठी. आई माझ्यापायी पलंगावरून उतरली, हे ओझं तुझ्या डोक्यावर नको. झोपेत गेली म्हटलं की प्रश्न मिटला. तू किती रडलीस फोनवर आणि म्हणालीस, "बरं झालं गं, तिला काही कळलं नाही." तेव्हा मला वाटलं, मी बरोबर केलं.

पण तेवढंच नाही. तुझ्याशी खोटं बोलून झालंय, आता पत्रात तरी नको.

ती ओरडली तेव्हा मी भिंतीच्या या बाजूला होते. हाकेच्या अंतरावर. तिचं अंग पुसणारी, तिच्या वेण्या घालणारी, तिचं सगळं करणारी मी. आणि त्या गदारोळात, दोन बाळं छातीखाली आणि एक पोर पायाखाली असताना, माझ्या मनात आलं की आता ती मला हाक मारेल. तुझी मारून झाली, आता माझी. मी वाट पाहिली गं. किती क्षण असतील ते, पण पाहिली. तिनं नाही मारली.

मारली असती तर मी बाळं टाकून गेले असते का? माहीत नाही. न मारून तिनं मला आणि त्या दोन बाळांना वाचवलं असं कुणी म्हणेल, पण मला असला सोयीचा अर्थ नको. तिला मी आठवलेच नाही, एवढंच खरं असेल. ज्या काळात ती होती त्या काळात मी चौकटीत उभी होते आणि माझी काळजी नव्हती.

म्हणून मी तुला सांगितलं नाही. ती हाक तुझी होती आणि मी ती दाबून ठेवली. तू तिकडे, दूर, आणि तुझ्या नावानं ती पलंगावरून उतरली. हे तुला कळलं असतं तर तुला दुःख झालं असतं, पण काहीतरी मिळालंही असतं. ते तुला मिळू नये असं मला वाटलं. काही दिवस वाटलं. आता तसं वाटत नाही, पण वाटलं होतं.

हे वाचून माझी चीड आली तर येऊ दे.

बंबवाली मावशी परवा हॉलवर आल्या होत्या. मुलं त्यांना बघून सगळी टेबलाखाली गेली. मी त्यांना म्हटलं, "मी तिला रोज शिकवत होते. रोज उशी घ्यायची ती. मग का उठली?" त्या माझ्याशेजारी खाली बसल्या. मुलं दुपारची झोपेपर्यंत तिथंच थांबल्या. जाताना ढब्बूला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि गेल्या.

पुढच्या आठवड्यात आतली खोली पाडणार आहेत. मशीन येणार, कामगार येणार. मी त्यांना चार दिवस थांबा म्हटलंय, माझी बहीण यायची आहे म्हणून सांगितलंय. तुला न विचारता सांगितलं, पण हे खोटं निघू नये असं फार वाटतंय. तुला तिथं जाऊन बसायचं असेल, ती जागा बघायची असेल, नाहीतर तिथंच उभं राहून मला वाटेल ते बोलायचं असेल. ये आणि बोल. मी मध्ये बोलणार नाही. टिल्लूलाही आण. शाळा चार दिवस बुडली तर काही बिघडत नाही.

आणि आलीस की दारातून मला "ताई" म्हणू नकोस. जग मला ताई म्हणतं. आईसारखं "मोठे" म्हण. त्या नावानं हाक मारेल असं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

वाट बघतेय.

तुझीच,
मोठी